क्लायमेट वीक करायचाय? स्टेज नंतर बघू, आधी कॅलेंडर

शहरभर चालणारा क्लायमेट वीक, म्हणजे हवामान बदलावरच्या कार्यक्रमांचा आठवडा, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यापुढे एक मोठा हॉल, मागे हिरवा बॅकड्रॉप आणि स्टेजवर सात खुर्च्या येतात. पहिल्या वर्षी आम्हीपण हेच केलं. सात वक्ते, समोर अकरा श्रोते, त्यातले चार आमचेच व्हॉलंटियर आणि एक काका एसी चालू दिसला म्हणून येऊन बसलेले (शेवटी सगळ्यात चांगला प्रश्न त्यांनीच विचारला ते सोडा). पुढच्या दोन वेळा मात्र हा आठवडा बऱ्यापैकी जमला, म्हणून काय केलं आणि काय फसलं ते क्रमाने लिहितोय, कोणाला आपल्या शहरात करायचा असेल तर आमच्या चुका परत करू नका, स्वतःच्या नव्या करा.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. आठवड्यातले सगळे कार्यक्रम तुम्ही करायचे नाहीयेत, तुम्ही फक्त त्यांचं कॅलेंडर सांभाळायचंय. न्यूयॉर्कचा क्लायमेट वीक २००९ पासून चालू आहे, क्लायमेट ग्रुप नावाची संस्था तो चालवते, सप्टेंबरात, संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरते त्याच सुमाराला. तिथे शेकडो कार्यक्रम होतात पण त्यातले बरेचसे दुसऱ्याच संस्था, कंपन्या, कॉलेजं आपापल्या जागेत आपापल्या खर्चाने करतात, मधली टीम यादी, नियम आणि थोडेसे मोठे कार्यक्रम एवढंच बघते. लंडनचा २०१९ ला सुरू झाला, तिथेपण साधारण असंच. हे कळलं नाही तर पाच माणसं चाळीस कार्यक्रम करायला जातात आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलेनाशी होतात, अनुभव आहे.

१. सहा महिने आधी: शहराला एकच प्रश्न विचारा

"पर्यावरण" हा विषय नसतो, ते गोदाम आहे, त्यात काहीही ठेवता येतं. आपल्या शहराचा धूर, म्हणजे पृथ्वी तापवणारे कार्बन डायऑक्साइडसारखे वायू, नक्की कुठून निघतो ते आधी बघा. शहरांची उत्सर्जनं मोजायची एक ठरलेली पद्धत २०१४ पासून आहे, त्यात इमारतींमधली वीज आणि इंधन, वाहतूक, कचरा, कारखान्यांतल्या प्रक्रिया आणि शेती-जमीन असे मोठे कप्पे पडतात. तुमच्या पालिकेने असा हिशोब केला असेल तर त्याची कॉपी मिळवा आणि खरंच वाचा, नुसती डाउनलोड करून ठेवू नका. नसेल तर विजेचा एकूण वापर, पेट्रोल-डिझेलची विक्री आणि रोजचा कचरा किती टन, हे तीन आकडे शोधले तरी अंदाज येतो. यात एक बाजू राहून जाते, ती म्हणजे झळ कोणाला बसते. उकाडा, पूर, पाणी. धूर कमी करणं आणि झळ सोसायची तयारी करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि लोकांना दुसरं काम जास्त लवकर कळतं, कारण घाम त्यांनाच येतो.

यातून एक प्रश्न काढा. आम्ही दुसऱ्या वर्षी घेतला होता "दुपारी दोन वाजता या शहरात सावली कुठे आहे?" एवढाच. त्या एका प्रश्नावर झाडं, बसस्टॉप, बिल्डिंगचे रंग, एसी, लाईटबिल, रस्त्यावर काम करणारी माणसं, सगळं आपोआप आलं, कोणाला ओढून आणावं लागलं नाही.

सोमवारी ऊर्जा, मंगळवारी पाणी, बुधवारी कचरा असं वाटून घ्यायचा मोह होईल, पोस्टरवर छान दिसतं ते. नका करू. ज्या संस्थेला पाण्यावर कार्यक्रम करायचाय तिला नेमका मंगळवार जमत नाही आणि मग तुम्ही दोन आठवडे फोनवर घालवता. त्यापेक्षा दिवस भागांना वाटा, आज शहराचा हा भाग, उद्या तो. लोक लांब जात नाहीत, घराजवळ असलं की येतात, आणि प्रवासाचं उत्सर्जन वाचतं ते वेगळंच.

२. तारखा

आठवडा म्हणजे सात दिवस हे डोक्यातून काढा. शनिवारी सुरू करा आणि पुढच्या रविवारी संपवा, नऊ दिवस होतात आणि दोन वीकेंड मिळतात, नोकरीवाले लोक खरे तेव्हाच भेटतात. परीक्षा, निवडणूक, मोठे सण, मुसळधार पावसाचे दिवस, हे सगळं आधी कॅलेंडरवर फुली मारून ठेवा.

एखाद्या ठरलेल्या दिवसाला जोडायचं का? २२ एप्रिलचा वसुंधरा दिन १९७० पासून आहे, ५ जूनचा पर्यावरण दिन १९७३ पासून, आणि युरोपात १६ ते २२ सप्टेंबर हा मोबिलिटी वीक (गाडी सोडा, चाला, सायकल-बस वापरा असं सांगणारा आठवडा) २००२ पासून चालतो. जोडलं की बातमी सोपी होते. पण ५ जूनला प्रत्येक वक्ता, प्रत्येक अधिकारी आणि प्रत्येक हॉल आधीच बुक असतो, सगळीकडे रोपं लावायचे फोटो चालू असतात आणि तुमचा आठवडा त्यात हरवून जातो. माझं मत, त्या दिवसापासून तीन-चार आठवडे लांब राहा.

३. टीम छोटी ठेवा, खरंच छोटी

पाच ते सात माणसं. एक जण फक्त कॅलेंडर, एक जण फक्त परवानग्या, एक जण कार्यक्रम करणाऱ्या संस्थांशी बोलणारा, एक पैशाचा हिशोब, एक व्हॉलंटियर बघणारा, आणि एक जण लोकांपर्यंत पोचवणारा. सल्लागार समितीत हवी तेवढी मोठी नावं घ्या, पण त्यांच्या मीटिंगा महिन्याला एकच आणि एक तासाचीच. कॅलेंडरवाला माणूस चिकट हवा, हुशार नसला तरी चालेल. (आमची कॅलेंडरवाली ताई दोन्ही आहे, पण तो नशिबाचा भाग.)

४. चार महिने आधी: फॉर्म, आणि त्यातला एक प्रश्न

आता सगळ्यांना आवाहन करायचं की बाबांनो तुमचा कार्यक्रम या आठवड्यात आमच्या यादीत टाका. शाळा, कॉलेज, लायब्ररी, सोसायट्या, हॉस्पिटल, दुकानदारांची संघटना, कामगार संघटना, सायकलवाले, चित्रकार, सगळे. त्यासाठी एक ऑनलाइन फॉर्म. नाव, जागा, वेळ, किती माणसं मावतात, फुकट आहे का, कुठल्या भाषेत आहे, व्हीलचेअर आत जाते का, जवळचा बसस्टॉप कुठला. हे नेहमीचं झालं.

खरा प्रश्न शेवटचा: "आलेला माणूस तिथे हाताने काय करणार?" उत्तरात क्रियापद आलं पाहिजे. ऐकणार आणि बघणार ही दोन उत्तरं चालणार नाहीत असं फॉर्मवरच लिहून टाका. लोक आधी चिडतात. एका ग्रुपने पाठवलं होतं "ऊर्जा संक्रमण: संधी आणि आव्हाने", तीन वक्ते, दोन तास. आम्ही परत पाठवलं, क्रियापद काय म्हणून. दोन दिवस शांतता. मग नवं आलं: "घरचं लाईटबिल घेऊन या, कुठे गळतंय ते शोधू." तेच तीन वक्ते, पण आता प्रत्येकाच्या टेबलापुढे रांग, एक आजी तर बारा महिन्यांची बिलं सुतळीने बांधून घेऊन आल्या होत्या आणि त्यातून निघालं की त्यांचा गीझरच दिवसभर चालू राहायचा. भाषणातून हे निघालं नसतं.

चाळणी पण आत्ताच ठरवा, पैसे आल्यावर नाही. स्पॉन्सरचा प्रश्न येणारच. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०२२ च्या अहवालात सरळ म्हटलंय की नव्या कोळसा-तेल-गॅसच्या पुरवठ्यात पैसे घालत राहायचं आणि वर नेट झिरोचा (जेवढा कार्बन सोडतो तेवढा परत शोषला जातो, असा) दावा करायचा, हे चालणार नाही. आम्ही हाच नियम कागदावर उतरवून सगळ्यांना आधी पाठवतो. अजून दोन नियम: यादीतल्या कार्यक्रमात वस्तू विकायची नाही, आणि "शंभर टक्के पर्यावरणपूरक" असलं काही लिहिलं तर पुरावा मागणार. नाराजी होते थोडी, पण नंतर पेपरात उलटसुलट छापून येण्यापेक्षा बरी.

५. कार्यक्रम कुठले चालतात

इथे जरा वेळ घेतो, कारण आठवडा लोकांच्या लक्षात राहतो तो यामुळेच.

हीट वॉक. माझा सगळ्यात आवडता. वीस माणसं, एक तास, आणि तापमान मोजायची इन्फ्रारेड गन, तीच जी दुरून रोखून दाबली की आकडा येतो. रस्त्याचं डांबर उन्हात, तेच डांबर झाडाखाली, बसस्टॉपचा बाक, पांढरा रंग दिलेली गच्ची, आणि प्रत्येक ठिकाणी आकडा तिथल्या तिथे खडूने जमिनीवर लिहायचा, मोठ्ठा. सावलीतला पृष्ठभाग उन्हातल्यापेक्षा ११ ते २५ अंशांनी गार असू शकतो हे वाचलं तर कोणी मान वर करत नाही, पण पायाखाली ५४ आणि चार पावलांवर ३५ असं खडूने लिहिलेलं दिसलं की लोक थांबतात, खाली वाकून हात लावून बघतात. आमच्याबरोबर एक रस्ता झाडणाऱ्या मावशी आल्या होत्या, त्या म्हणाल्या हे आम्हाला चप्पल सांगते. पुढच्या वर्षी वॉकचा रस्ता त्यांनीच ठरवला.

करताना काळजी घ्या. चकचकीत धातूवर ही गन चुकीचा आकडा दाखवते, त्यामुळे स्टीलच्या रेलिंगवर मारून "बघा किती गार" असं म्हणू नका. प्रत्येक वेळी साधारण सारख्याच अंतरावरून मोजा. आणि लोकांना हेही सांगा की हे पृष्ठभागाचं तापमान आहे, हवेचं नाही, हवेतला फरक बराच कमी असतो. वेळ सकाळी साडेदहा-अकराची ठेवा, भर दुपारी म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरू नका, पाणी आणि टोप्या बरोबर.

कचरा ऑडिट. एका सोसायटीचा किंवा ऑफिसचा एका दिवसाचा कचरा ताडपत्रीवर ओतायचा, जाड ग्लोव्ह्ज घालायचे आणि वेगळा करून वजन करायचं. घाण वाटते, पहिली दहा मिनिटं सगळे नाक धरून. मग कोणीतरी म्हणतं अरे हे तर उघडलेलं पण नाहीये. २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला साधारण ६० टक्के वाटा घरांचा होता असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, तो आकडा भिंतीवर आधी लावू नका, वजन झाल्यावर सांगा. तेव्हा लागतो. सुई आणि काच असते, त्यामुळे मुलांना वजन लिहायला बसवा, हात घालायला नाही.

रिपेअर कॅफे ही कल्पना २००९ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी सुरू केली: बिघडलेलं घेऊन या, जाणकारांबरोबर बसून स्वतः दुरुस्त करा. टेबलं, चांगला प्रकाश, वायरिंग नीट असलेले प्लग आणि रिपेअर येणारी पाच माणसं, बास. निवृत्त मेकॅनिक सोन्यासारखे असतात, त्यांना शोधा. मिक्सर आणि पंखे सगळ्यात जास्त येतात.

पत्त्यांचा खेळ हवा असेल तर क्लायमेट फ्रेस्क आहे, फ्रान्समध्ये सेड्रिक रिंगेनबाख यांनी बनवलेला, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-तज्ज्ञांच्या मंडळाच्या अहवालांवर आधारलेले ४२ पत्ते, कारण-परिणाम जुळवत टेबलभर मांडायचे, साधारण तीन तास लागतात. ऑफिसवाल्यांना आवडतो. मला तीन तास थोडे जास्त वाटतात पण शेवटच्या अर्ध्या तासात भांडणं चांगली होतात.

रस्ता गाड्यांसाठी बंद करून चालणाऱ्यांना देणं हे मोठं काम आहे, पण जमलं तर कराच. बोगोटामध्ये १९७४ पासून ही प्रथा आहे, आता दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते सायकल आणि चालणाऱ्यांना मोकळे असतात. तुम्ही एक किलोमीटरने सुरू करा.

एरवी बंद असलेल्या जागा उघडा. सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र, पाण्याची टाकी, बसडेपो, सोलर बसवलेली गच्ची. खर्च जवळपास शून्य आणि गर्दी हमखास.

दिवे बंद करायचा तास, म्हणजे अर्थ अवर? सिडनीत ३१ मार्च २००७ ला सुरू झाला आणि जगभर पसरला. फोटो येतो, वीज फारशी वाचत नाही. करायचाच असेल तर त्या अंधारात पुढचं काहीतरी ठेवा, नाहीतर लोक मोबाईल बघत बसतात.

६. तीन महिने आधी: परवानग्या

कंटाळवाणं आहे, टाळलं की सगळं कोसळतं. रस्ता, मैदान, लाऊडस्पीकर, तात्पुरती वीज, अग्निसुरक्षा, प्रथमोपचार, विमा. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, खिडकी वेगळी, आणि एक कार्यालय म्हणतं आधी दुसऱ्याची परवानगी आणा. एका फाईलमध्ये सगळ्यांच्या कॉप्या, आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. एकदा एका कार्यालयाने अर्ज मिळालाच नाही असं आदल्या दिवशी सांगितलं, शिक्का मारलेली पोच दाखवल्यावर वीस मिनिटांत सापडला. रस्ता बंद करायचा असेल तर तिथल्या दुकानदारांना स्वतः जाऊन भेटा, नोटीस चिकटवून काम होत नाही. अ‍ॅम्ब्युलन्सला वाट कुठून, हे नकाशावर काढूनच न्या, पहिला प्रश्न तोच येतो.

७. आपला स्वतःचा कचरा आणि धूर

क्लायमेट वीकमध्ये प्लॅस्टिकच्या बाटल्या दिसल्या की लोक बरोबर फोटो काढतात, आणि काढायलाच पाहिजेत.

सगळ्यात मोठा वाटा बहुतेक वेळा येणाऱ्या माणसांच्या प्रवासाचा असतो, कपबशांचा नाही. म्हणून जागा स्टेशन-बसस्टॉपपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर घ्या, यादीत पार्किंगच्या आधी बसचे नंबर द्या, आणि विमानाने येणारा वक्ता खरंच लागतोय का ते परत एकदा विचारा, व्हिडिओवर पण बोलता येतं.

वीज शक्यतो मेन लाईनवरून घ्या. जनरेटरमध्ये एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लोक विचारतात लिटरभर डिझेलचं वजन एक किलोपण नाही तर हे पावणेतीन किलो आले कुठून, तर डिझेलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि वजन त्याचं असतं. हे समजावून सांगायला जनरेटरपाशी एक पाटी लावली होती आम्ही, मग पुढच्या वर्षी लाजेखातर जनरेटरच काढला.

आता आमची फजिती. पहिल्या वर्षी "कंपोस्टेबल" असं छापलेले कप आणले, अभिमानाने, वापरून झाल्यावर एका काकूंच्या गच्चीवरच्या कंपोस्टमध्ये टाकायला दिले. अडीच महिन्यांनी काकूंनी एक पिशवी परत पाठवली, आत तेच कप, माती झटकलेली, जवळपास परत चहा पिण्यासारखे. मक्यापासून बनवलेल्या त्या प्लॅस्टिकला कुजायला ५८ अंशांच्या आसपासचं तापमान बरेच दिवस सलग लागतं, ते मोठ्या प्लॅन्टमध्ये मिळतं, घरच्या ड्रममध्ये नाही. शहरात तसा प्लॅन्ट नसेल तर धुवून परत वापरायचे स्टीलचे ग्लास आणा, विषय संपला. धुवायला पाणी लागतं, माणसं लागतात, ती आधीच धरा.

डस्टबिन एकटं कधीच ठेवू नका. ओला आणि सुका कायम जोडीने, आणि जोडीपाशी एक माणूस उभा. माणूस नसेल तर पंधरा मिनिटांत दोन्ही सारखेच दिसतात, पाटी कितीही मोठी असो.

बॅनर कापडी, आणि त्यावर वर्ष-तारीख छापायची नाही. एवढं एक पाळलं तर पुढच्या वर्षीचा अर्धा छपाईचा खर्च गेला.

८. लोकांपर्यंत

सोशल मीडियावर तेच लोक येतात जे आधीपासून आपल्यातले आहेत. नवीन माणसं कुठे मिळतात? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, शाळेच्या गेटपाशी, दवाखान्यात, बसमध्ये. जे उन्हात काम करतात त्यांच्यासाठी कार्यक्रम संध्याकाळी सातनंतर आणि त्यांच्या अड्ड्याजवळ ठेवा, आणि बोलायला बोलावलं तर त्यांच्या बुडालेल्या तासांचे पैसे द्या, प्रोफेसरांना मानधन आणि कचरावेचकांना नुसते आभार हे बरं दिसत नाही. पोस्टरवर वितळणारा बर्फ आणि अस्वल नको, आपल्याच रस्त्याचा फोटो टाका. दरवर्षीचं तापमान एकेका रंगीत पट्टीने दाखवणारे निळे-लाल पट्टे हवे असतील तर रीडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये बनवलेले ते पट्टे नेटवर फुकट मिळतात, कापडावर छान उठतात, मुलं आपल्या जन्मवर्षाची पट्टी शोधत बसतात.

९. प्रत्यक्ष आठवडा

रोज सकाळी आठ वाजता दहा मिनिटांचा कॉल, तीनच प्रश्न: आज काय रद्द झालं, हवामान काय म्हणतंय, कुठे माणूस कमी आहे. रद्द झालेला कार्यक्रम अर्ध्या तासात कॅलेंडरवरून उतरला पाहिजे, एक माणूस बंद दारापाशी जाऊन परत गेला की तो पुढची पाच वर्षं येत नाही. मोकळ्या जागेतल्या प्रत्येक कार्यक्रमाला पाऊस आणि अति उकाडा या दोन्हींसाठी दुसरी जागा किंवा दुसरी वेळ ठरलेली असावी. व्हॉलंटियरच्या पाळ्या चार तासांच्या, त्याहून मोठ्या नको, आणि दोन-तीन जण रिकामे ठेवा, कुठलंही काम न देता. ते रिकामे कधीच राहत नाहीत.

१०. नंतरचे सहा आठवडे

किती लोक आले हा आकडा सगळे विचारतात, द्या, पण त्यावर जाऊ नका. आम्ही प्रत्येक कार्यक्रमात एक पोस्टकार्ड देतो, त्यावर माणसाने स्वतःच्या हाताने लिहायचं की मी एक काय करणार आणि कधीपर्यंत, खाली फोन नंबर, द्यायचा असेल तर. सहा आठवड्यांनी त्यातली पन्नास कार्डं डोळे मिटून काढायची आणि फोन करायचा. "तुम्ही लिहिलं होतं गच्चीला पांढरा रंग लावणार, झालं का?" गेल्या वेळी पन्नासपैकी एकोणीस जणांनी केलं होतं, तेरा जणांना आपण असं काही लिहिल्याचं आठवतच नव्हतं, आणि बाकीच्यांचं कुठेतरी अडलं होतं: सोसायटीची मीटिंग झाली नाही, रंगवाला आला नाही, सासऱ्यांना पटलं नाही. पुढच्या वर्षी काय करायचं ते या अडलेल्यांच्या यादीतून निघतं. फोन झाले की नंबर पुसून टाका.

हिशोब सगळ्यांना दिसेल असा टाका, ज्या संस्थांनी कार्यक्रम केले त्यांना एकेक फोन करा, मेल नको. मग बॅनर धुवायचे, वाळवायचे, घड्या घालून एका पेटीत भरायचे आणि पेटीवर कोणाच्या घरी आहे ते लिहायचं. कॅलेंडरचा पासवर्ड निदान तीन जणांकडे असू द्या. आमचा एकाकडेच होता आणि त्याने नोकरी बदलून शहर सोडलं, त्यामुळे तिसऱ्या वर्षीचा पहिला महिना आम्ही "पासवर्ड विसरलात का?" या बटणावर घालवला.